पुढच्याची पाठ, मागच्याचे गुडघे

२४ ऑगस्ट २०१४ रोजी अमेरिकेतील नेवार्कहून डेन्व्हरकडे निघालेले युनायटेड एअरलाइन्सचे एक विमान वाटेतच शिकागोला उतरवावे लागले. इंजिनात बिघाड नव्हता, हवामान वाईट नव्हते, कोणी आजारीही पडले नव्हते. भांडण झाले होते, आणि तेही चार बोटे जागेवरून.

झाले असे : एका प्रवाशाने आपल्यासमोरचा ट्रे उघडला, त्यावर संगणक ठेवला आणि ट्रेच्या दोन्ही दांड्यांवर प्लॅस्टिकचे दोन लहान तुकडे बसवले. हे तुकडे लावले की पुढच्या आसनाची पाठ मागे झुकत नाही. पुढे बसलेल्या बाईंनी पाठ मागे करण्याचा प्रयत्न केला, ती हलेना. विमानसेविकेने तुकडे काढायला सांगितले, ह्या गृहस्थांनी नकार दिला, आणि शेवटी बाईंनी उठून पेल्यातले पेय त्यांच्या अंगावर फेकले. वैमानिकाने विमान शिकागोला उतरवले. दोघांना खाली ठेवून ते पुढे गेले आणि डेन्व्हरला सुमारे दीड तास उशिरा पोचले. गंमत अशी, की दोघेही जादा पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या, नेहमीपेक्षा चार इंच अधिक ऐसपैस असलेल्या जागांवर बसले होते.

ही बातमी वाचून आपण हसतो. पण एस. टी.च्या निमआराम गाडीतून किंवा रात्रीच्या खाजगी बसमधून प्रवास केलेल्या कोणालाही तिच्यातले दुखणे ओळखीचे वाटेल. पुढचा माणूस निवांत मागे रेलतो आणि आपले गुडघे आवळले जातात. दोघांनीही तिकिटाचे पैसे मोजलेले असतात. मग मधली जागा कोणाची? ह्या प्रश्नात भूमिती आहे, तरफेचा नियम आहे, थोडे शरीरशास्त्र आहे, थोडे अर्थशास्त्रही आहे. एकेक पाहू या.

जागा मोजायची कशी?

विमान-व्यवसायात आसनांची दाटी 'पिच' ह्या मापाने सांगतात. क्रिकेटच्या पिचशी ह्याचा संबंध नाही. एका आसनावरील कोणताही एक बिंदू घ्या आणि मागच्या आसनावरील तोच बिंदू घ्या. त्या दोहोंमधील अंतर म्हणजे पिच. ते इंचात सांगण्याची पद्धत आहे. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर.

लक्षात घ्या, पिच म्हणजे पायांना मिळणारी जागा नव्हे. पिचमध्ये आसनाच्या पाठीची जाडीही मोजली गेलेली असते. ती वजा केल्यावर जे उरते ते आपल्या पाठीपासून समोरच्या आसनाच्या मागच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर. त्यात आपली मांडी मावावी लागते. मांडीची ही लांबी, म्हणजे भिंतीला कंबर टेकून बसले असता भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंतचे अंतर, मोठ्या माणसात ६० सेंटिमीटरच्या आसपास असते. उंच पुरुषात ते ६५ च्याही पुढे जाते.

पाठ झुकते तेव्हा

आसनाच्या पाठीला खाली, बैठकीच्या मागच्या कडेजवळ, बिजागरी असते. पाठ एका दांड्याला जोडलेली असते आणि हा दांडा एरवी जखडलेला असतो. काही आसनांत दांड्यावर घट्ट आवळलेल्या स्प्रिंगने, तर काहींत नळकांड्यातल्या द्रवाने. आसनाच्या हातावरील बटण दाबले की तार ओढली जाते, पकड सैल होते आणि आपण रेलल्याबरोबर पाठ मागे जाते. बटण सोडले की ती तिथेच पक्की होते. पुन्हा बटण दाबून पुढे झुकले की स्प्रिंग तिला सरळ करते.

म्हणजे पाठ मागे सरकत नाही, ती बिजागरीभोवती फिरते. हा फरक फार महत्त्वाचा आहे. दार उघडताना कडीजवळची बाजू खूप फिरते आणि बिजागरीजवळची जेमतेम हलते. तसेच इथे होते. हिशेबासाठी काही सोपे आकडे धरू. बिजागरी जमिनीपासून ४० सेंटिमीटर उंचीवर आहे आणि पाठीची वरची कड ११० सेंटिमीटरवर. म्हणजे पाठीची लांबी ७० सेंटिमीटर. ही वरची कड १० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे चार इंच, मागे जाते. कोन होतो सुमारे ८ अंशांचा. आता समरूप त्रिकोणांच्या नियमाने कोणत्याही उंचीवर पाठ किती मागे येईल ते काढता येते : बिजागरीपासूनची उंची भागिले ७०, गुणिले १०.

मागच्या प्रवाशाचा गुडघा जमिनीपासून ५४ सेंटिमीटरवर आहे असे समजा. तो बिजागरीच्या वर १४ सेंटिमीटर आहे. तेव्हा गुडघ्यापाशी पाठ फक्त २ सेंटिमीटर मागे येते. जेवणाचा ट्रे ६८ सेंटिमीटरवर असेल, तर तिथे ४ सेंटिमीटर. ट्रेवर उघडून ठेवलेल्या लॅपटॉपची वरची कड ९० सेंटिमीटरच्या आसपास असते. तिथे ७ सेंटिमीटर. आणि तोंडासमोर जवळजवळ पूर्ण १० सेंटिमीटर.

हे उत्तर थोडे अनपेक्षित आहे. पुढच्याची पाठ झुकते तेव्हा सर्वांत कमी जागा जाते ती गुडघ्यांची. सर्वांत जास्त जाते ती डोळ्यांसमोरची, पुस्तकाची आणि लॅपटॉपची. लॅपटॉपचा पडदा पुढच्या पाठीच्या खाचेत अडकून तडकल्याच्या तक्रारी येतात, त्यांचे कारण हेच.

मग गुडघे का दुखतात?

गुडघ्यापाशी दोनच सेंटिमीटर जात असतील, तर एवढा आरडाओरडा कशासाठी? ह्याची कारणे दोन.

पहिले कारण तरफेचे. पाठ ही एक तरफच आहे आणि बिजागरी हा तिचा टेकू. पुढचा प्रवासी बटण दाबून खांद्याने पाठ मागे रेटतो. समजा, तो बिजागरीपासून ५६ सेंटिमीटर उंचीवर १० किलोग्रॅम वजनाइतके बल लावतो. मागच्याचा गुडघा पाठीला आधीच टेकलेला असेल, तर तो १४ सेंटिमीटरवर हे बल अडवतो. बल गुणिले बलभुजा बरोबर भार गुणिले भारभुजा, हा नियम लावला तर गुडघ्यांवर येणारा भार ४० किलोग्रॅम वजनाइतका निघतो. पाठीला सरळ करणारी स्प्रिंग त्यातला काही भाग कमी करते, पण चौपटीचे प्रमाण तेच राहते. अंतरात जे वाचले ते बलात वसूल झाले. पुढच्याला वाटते, 'मी जरासा तर रेललो'. मागच्याला वाटते, 'ह्याने माझे गुडघे चेचले'. दोघेही खरेच बोलत असतात.

दुसरे कारण वजाबाकीचे. अमेरिकेतील एका न्यायालयाने २०१७ मध्ये नमूद केले, की तेथील विमानांतील साध्या वर्गाचे पिच पूर्वी सरासरी ३५ इंच होते, ते ३१ वर आले आहे आणि काही विमानांत तर २८ पर्यंत घसरले आहे. आता ३५ इंच म्हणजे ८९ सेंटिमीटर. जुन्या जाड गादीच्या पाठीचे १० सेंटिमीटर त्यातून वजा करू, उरले ७९. त्यात ६० सेंटिमीटर मांडीचा माणूस बसला की गुडघ्यापुढे १९ सेंटिमीटर मोकळे राहतात. पुढच्याने पाठ झुकवली तर १७. फरक जाणवणारही नाही.

२८ इंच म्हणजे ७१ सेंटिमीटर. नवी आसने पातळ पाठीची असतात, म्हणून ५ सेंटिमीटरच वजा करू, उरले ६६. तोच माणूस बसला की त्याच्यापुढे ६ सेंटिमीटर राहतात आणि पाठ झुकली की ४. एक तृतीयांश जागा गेली. मांडी ६५ सेंटिमीटरची असेल तर एकच सेंटिमीटर शिल्लक होता; आता तोही नाही, उलट एक सेंटिमीटरची तूट आली. ह्या माणसाला कसलेही यंत्र लागत नाही. त्याचे गुडघेच पुढच्याची पाठ अडवतात, आणि चौपट भार सोसतात.

पाठ झुकण्याचे माप पूर्वीइतकेच होते. मधली शिल्लक मात्र संपत गेली. दोन सेंटिमीटर तेव्हा क्षुल्लक होते, आता सर्वस्व झाले.

शिल्लक कोणी खाल्ली?

ह्याचे उत्तर पाचवीच्या गणितात आहे. एका विमानात ३० रांगा आहेत, प्रत्येक रांगेत सहा आसने, पिच ३० इंच. एकूण लांबी ९०० इंच, जागा १८०. आता पिच एका इंचाने कमी करून २९ करा. ९०० भागिले २९ म्हणजे ३१ रांगा आणि वर एक इंच शिल्लक. एक नवी रांग, सहा नव्या जागा. प्रत्येक प्रवाशाकडून अडीच सेंटिमीटर घेतले, जे वेगळे असे कोणाच्या लक्षातही येत नाहीत, आणि प्रत्येक उड्डाणात सहा तिकिटे जास्त विकता आली. एअरबस ए-३२० जातीच्या विमानांत पूर्वी १८० आसने बसवत. पुढे अनेक कंपन्या १८६ बसवू लागल्या. त्यासाठी काही ठिकाणी स्वच्छतागृहे आणि मागचे स्वयंपाकघरही आखडून घेतले गेले.

ह्यात दोष एकट्या कंपन्यांचा नाही. १९७८ पर्यंत अमेरिकेत विमानभाडे सरकारी मंडळ ठरवीत असे. भाडे सर्वांचे सारखे, म्हणून कंपन्या जेवण आणि ऐसपैस जागा ह्यांवर स्पर्धा करीत. त्या वर्षी नियंत्रण उठले आणि स्पर्धा भाड्यावर आली. त्यामुळे पूर्वी ज्यांना विमानप्रवास परवडत नव्हता त्यांना तो परवडू लागला, हेही खरे. २००० साली अमेरिकन एअरलाइन्सने उलट प्रयोग केला. आपल्या विमानांतून सात हजारांवर आसने काढून सर्वांना जास्त जागा दिली. पण प्रवासी तिकीट घेताना पाहतात ते भाडे, गुडघे आठवतात बसल्यावर. काही वर्षांतच कंपनीने आसने परत बसवली.

पुढच्याचीही बाजू ऐकू

मागे रेलणारा हा केवळ ऐदी किंवा उद्धट असतो असे नाही. ताठ बसलेल्या माणसाच्या धडाचा, डोक्याचा आणि हातांचा भार मुख्यतः कण्यावर असतो. ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसात हा भार सुमारे ४० किलोग्रॅमचा असतो. पाठ उभ्या रेषेशी १२ अंशांत असेल, तर भाराचा पाठीवर टेकणारा घटक ४० गुणिले साइन १२ अंश, म्हणजे सुमारे ८ किलोग्रॅम. पाठ आणखी ८ अंश झुकली की तो ४० गुणिले साइन २० अंश, म्हणजे १४ किलोग्रॅमच्या जवळ जातो. पाठीने जास्त भार उचलला की स्नायूंना आणि मणक्यांमधल्या चकत्यांना तेवढा आराम. पाठ कलती केल्यावर चकत्यांवरील दाब कमी होतो, हे प्रत्यक्ष मोजमापांनीही दाखवले आहे. शिवाय ताठ बसून डुलकी लागली की मान पुढे पडते. मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाणारे विमान पंधरा तासांच्या आसपास हवेत असते. नातवंडांना भेटायला निघालेल्या, कंबरदुखी असलेल्या आजींना आठ अंश मागे रेलणे ही चैन नव्हे.

इथेच एक गैरसमजही दूर करू. लांबच्या विमानप्रवासात पायांच्या शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो आणि तो अपुऱ्या जागेमुळेच वाढतो, असे म्हटले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक प्रवासानंतर हा धोका सुमारे दुप्पट होतो. पण दुप्पट होऊनही तो सहा हजारांत एक इतकाच असतो. आणि तो मोटार, बस, आगगाडी ह्यांच्या प्रवासातही वाढतो. खरे कारण दीर्घकाळ न हलता बसणे. दाटीमुळे हालचाल अवघड होते हे मान्य, पण पायांची बोटे आणि घोटे हलवायला, अधूनमधून उठून चालायला पुढच्याची परवानगी लागत नाही.

प्लॅस्टिकची पाचर

आता त्या दोन तुकड्यांकडे वळू. 'नी डिफेंडर', म्हणजे गुडघेरक्षक, ह्या नावाने ते २००३ पासून अमेरिकेत विकले जात. किंमत सुमारे बावीस डॉलर. सोबत पुढच्या प्रवाशाला द्यायचे एक नम्र चिठ्ठीवजा कार्डही मिळे. ट्रे उघडल्यावर त्याच्या दोन्ही दांड्या आडव्या होतात. तुकडे ह्या दांड्यांवर, पुढच्या पाठीला लागून, पाचरीसारखे बसतात. पाठ मागे यायला लागली की पाचर मध्ये येते.

हिशेब पुन्हा तरफेचा. दांड्या बिजागरीपासून २८ सेंटिमीटरवर धरल्या, तर खांद्याने लावलेले १० किलोग्रॅमचे बल तिथे २० किलोग्रॅमचे होते, आणि ते पाचरीतून दांड्यांच्या सांध्यांवर जाते. हे सांधे जेवणाचे ताट आणि लॅपटॉप पेलण्यासाठी केलेले असतात, आडवे रेटे सोसण्यासाठी नव्हे. आसन बिघडू शकते. दुसरी अडचण अधिक गंभीर. उघडा ट्रे ओलांडून बाहेर पडता येत नाही, म्हणून उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी ट्रे बंद व पाठी सरळ असाव्या लागतात. पाठ जागच्या जागी अडकून राहणे किंवा ट्रे पटकन बंद न होणे धोक्याचे. अमेरिकेच्या विमान-वाहतूक प्रशासनाने ह्या वस्तूवर सरसकट बंदी घातली नाही. निर्णय कंपन्यांवर सोपवला. मोठ्या कंपन्यांनी ती वापरायला मनाई केली.

पण मला वाटते, ह्या पाचरीचा खरा दोष यांत्रिक नाही. ती न विचारता लावली जाते. पुढच्याला कळत नाही की बटण बिघडले आहे की कोणी अडवले आहे. आणि कळते तेव्हा राग येतो, जागेसाठी येणार नाही इतका.

जागा नक्की कोणाची?

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोझ ह्यांनी १९६० साली एक निबंध लिहिला. १९९१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, त्यात ह्या निबंधाचा मोठा वाटा होता. त्यात त्यांनी एकोणिसाव्या शतकातील लंडनचा एक खटला चर्चेला घेतला आहे. एका मिठाईवाल्याच्या खलबत्त्याच्या दणक्यांनी शेजारच्या डॉक्टरला रोगी तपासता येईना. आपण सहज म्हणू, मिठाईवाला डॉक्टरला त्रास देतो. कोझ म्हणतात, खलबत्ता बंद केला तर डॉक्टरमुळे मिठाईवाल्याचे नुकसान होते. त्रास एकेरी नसतो, परस्परांचा असतो. हक्क कोणाचा हे स्पष्ट असेल आणि बोलाचाली करायला काही खर्च येत नसेल, तर दोघे आपसात देवघेव करून मार्ग काढतील.

विमानातल्या आठ-दहा सेंटिमीटरना हे जसेच्या तसे लागू पडायला हवे. बटण पुढच्याकडे आहे, म्हणून हक्क त्याचा धरू. मागच्याला जागा फार मोलाची वाटत असेल तर त्याने ती विकत घ्यावी. क्रिस्टोफर बुकाफुस्को आणि क्रिस्टोफर स्प्रिगमन ह्या दोन अमेरिकन विधि-प्राध्यापकांनी २०१४ मध्ये लोकांना असेच विचारून पाहिले. सहा तासांच्या उड्डाणात पाठ न झुकवण्यासाठी पुढच्यांनी सरासरी ४१ डॉलर मागितले. मागचे सरासरी १८ डॉलरच द्यायला तयार होते. मग त्यांनी प्रश्न उलटा केला : जागा मागच्याची आहे असे समजा. आता पुढचे रेलण्यासाठी सरासरी १२ डॉलर देऊ करत होते आणि मागचे ३९ मागत होते.

आकडे नीट पाहा. माणसे तशीच, जागा तेवढीच. बदलला तो फक्त 'ती माझी' म्हणणारा. जे आपले मानले त्याची किंमत आपल्या मनात दुपटी-तिपटीने वाढते. विमानात तर दोघेही ती जागा आपलीच समजतात : पुढचा बटणाकडे बोट दाखवून, मागचा आपल्या गुडघ्यांकडे. कंपनी तिकिटावर ह्याबद्दल चकार शब्द काढत नाही. तिने एकच जागा दोघांना विकलेली असते आणि हिशेब त्यांच्यावर सोडलेला असतो.

प्रश्न सोयीचा की सुरक्षिततेचा?

शिष्टाचाराच्या पलीकडे एक गंभीर बाजू आहे. आग लागल्यास विमान किती वेळात रिकामे होईल? ४४ हून अधिक आसनांच्या विमानाच्या नमुन्यासाठी अमेरिकी नियम असा, की निम्मेच दरवाजे वापरून सर्व माणसे ९० सेकंदांत बाहेर पडू शकली पाहिजेत. दरवाज्यालगतच्या रांगेच्या पुढील आसने बहुधा झुकत नाहीत, ती ह्याचसाठी. झुकलेली पाठ वाट अडवते.

मग दोन रांगांत किमान किती अंतर हवे? ब्रिटनने १९८९ मध्ये नियम केला : पाठीपासून पुढच्या आसनापर्यंत किमान २६ इंच, म्हणजे ६६ सेंटिमीटर. आपण २८ इंच पिचमधून पातळ पाठ वजा केली तेव्हा नेमके हेच उत्तर आले होते. अमेरिकेत असा आकडा नव्हता. प्रवाशांच्या एका संघटनेने दाद मागितली, तेव्हा २०१७ मध्ये न्यायालयाने प्रशासनाला ह्या मागणीचा पुन्हा, पुराव्यानिशी विचार करायला सांगितले. २०१८ मध्ये अमेरिकी संसदेने सुरक्षिततेसाठी किमान मापे ठरवण्याचा कायदा केला. त्यानंतर ओक्लाहोमा सिटी येथे शेकडो माणसांवर चाचण्या झाल्या आणि २८ इंच पिचनेही बाहेर पडण्यात अडथळा येत नाही असा निष्कर्ष निघाला. पण चाचणीतले सारेजण १८ ते ६० वयाचे आणि धडधाकट होते. मुले नव्हती, वृद्ध नव्हते, काठी घेऊन चालणारे नव्हते. प्रयोगातील नमुना लोकसंख्येचा प्रतिनिधी असावा लागतो, हे आपण वर्गात शिकवतो. इथे तो तसा नव्हता. २०२३ मध्ये न्यायालयाने प्रशासनाला किमान माप ठरवायला भाग पाडण्यास नकार दिला.

अभियंत्यांनी काय केले?

एक उपाय म्हणजे झुकणेच बंद करणे. आयर्लंडच्या रायनएअरसारख्या स्वस्त कंपन्यांनी न झुकणारी आसने बसवली. काही आसने कारखान्यातच किंचित कलती केलेली असतात, म्हणजे सर्वांना थोडा आराम आणि कोणालाच बटण नाही. दुसरा उपाय झुकण्याचे माप कमी करण्याचा. डेल्टा कंपनीने २०१९ मध्ये आपल्या काही ए-३२० विमानांत ते चार इंचांवरून दोन इंचांवर आणले. आपल्या सूत्राने गुडघ्यापाशी आता एकच सेंटिमीटर जाईल, पण लॅपटॉपच्या कडेला साडेतीन वाचतील.

तिसरा उपाय सर्वांत न्याय्य वाटतो. आसनाला मागून स्थिर कवच द्यायचे. बटण दाबले की बैठक पुढे सरकते आणि पाठ कवचाच्या आतच कलते. मागच्याचे काही जात नाही. रेलणाऱ्याला आराम हवा तर तो स्वतःच्याच गुडघ्यांपुढची जागा खर्च करतो. हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकने २००० नंतरच्या दशकात अशी आसने बसवली. प्रवाशांना ती आवडली नाहीत आणि पुढे कंपनीने ती बदलली. आरामाची किंमत स्वतः मोजावी लागली, तेव्हा तो पुरेसा आराम वाटेना!

चौथा उपाय साधा आहे. मासिके ठेवण्याचा कप्पा गुडघ्यांसमोरून काढून ट्रेच्या वर बसवतात. गुडघ्यापाशी दोन-तीन सेंटिमीटर सहज सुटतात. आपल्या हिशेबात हेच तर हवे होते.

प्रवाशाने काय करावे?

पाय लांब असतील तर दरवाज्यालगतची जागा मागावी. जड पिशवी पुढच्या आसनाखाली न ठेवता वर ठेवावी, म्हणजे पोटऱ्या पुढे सोडता येतात व गुडघे खाली येतात. आणि गुडघा जितका खाली, तितकी पाठ तिथे कमी येते. कंबर पार मागे टेकून बसावे. घसरून बसले की गुडघे तेवढेच पुढे जातात. पाठ झुकवायची असेल तर एकदा मागे वळून पाहावे, विचारावे, हळूहळू झुकवावी आणि जेवणाच्या वेळी सरळ करावी. मागच्याला त्रास होत असेल तर त्याने आसनाला ढुशा न मारता खांद्यापाशी वाकून सांगावे. कोझ ह्यांची बोलाचाली ती हीच. पैशांऐवजी इथे दोन शब्दांचा खर्च येतो.

वर्गात करून पाहा

एक : प्रत्येक विद्यार्थ्याला भिंतीला कंबर टेकून खुर्चीवर बसवा आणि भिंतीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंतचे अंतर मोजा. वर्गाचा वारंवारता तक्ता करा. ६६ सेंटिमीटरमध्ये किती जण मावतात? पुढच्याने पाठ झुकवल्यावर किती? शिक्षकांनी आणि पालकांनी भाग घेतला तर तक्ता कसा बदलतो?

दोन : पुठ्ठ्याची ७ सेंटिमीटर पट्टी टाचणीने बिजागरीसारखी बसवा. टोक १ सेंटिमीटर हलवा आणि दर सेंटिमीटर उंचीवर पट्टी किती सरकली ते आलेखकागदावर नोंदवा. आलेख सरळ रेषा येतो का?

तीन : वर्गाचे दोन गट करा. एका गटाला सांगा, मधली जागा पुढच्याची. दुसऱ्याला सांगा, मागच्याची. मग प्रत्येकाला किंमत लिहायला सांगा. आकडे फळ्यावर मांडल्यावर मुले आपणच एकमेकांकडे पाहू लागतील.

शेवटी पुन्हा त्या विमानाकडे. शिकागोला उतरवलेले दोघेजण एकमेकांवर चिडले होते, कारण एकमेकांना तेच दिसत होते. पुढच्या बाईंच्या पुढेही एक पाठ होती आणि मागच्या गृहस्थांच्या मागेही कोणाचे तरी गुडघे. त्या सगळ्या रांगा किती अंतरावर बसवायच्या हे दूर कुठेतरी कागदावर ठरले होते, आणि ते ठरवणारा त्या विमानात बसलेला नव्हता. पुढच्या वेळी समोरची पाठ आपल्या गुडघ्यावर आली, तर बोलताना एवढे ध्यानात ठेवावे, की समोरचाही आपल्याइतकाच आवळला गेला आहे.